खिचडीचं वजन आणि जनरल रजिस्टरची ओळ: जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकांनी काय पाहावं

जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घालणाऱ्या घराला कायद्याने बरंच काही दिलं आहे. पहिली ते आठवी फी नाही, पुस्तकं आणि गणवेश मोफत, दुपारचं जेवण मोफत, शिवाय शाळेच्या कारभारात पालकांचं बहुमत. यातलं मुलाच्या पदरात नेमकं काय पडलं, हे मात्र शाळेच्या कपाटातल्या वह्या उघडल्यावरच कळतं: जनरल रजिस्टर (प्रवेशाची मूळ नोंदवही), हजेरीपत्रक, धान्यसाठ्याची नोंदवही, चव नोंदवही आणि समितीच्या सभांचं इतिवृत्त. शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून काम करताना आम्ही या वह्या वाचायला शिकलो. त्या कशा वाचायच्या, कुठे बोट ठेवायचं आणि अडलं तर कुणाला लिहायचं, ते इथे सांगत आहोत.

सुरुवात प्रवेशापासून. पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. जन्मदाखला असला तर प्रश्नच नाही. नसला तर अंगणवाडीची नोंद चालते, दवाखान्याची किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरची नोंद चालते, आणि तेही नसेल तर पालकांनी लिहून दिलेलं वय चालतं. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम १५ सांगतं की मुदत उलटून गेली म्हणूनही नाकारता येणार नाही. म्हणजे वीटभट्टीवरून ऑगस्टमध्ये परत आलेल्या घराचं मूलही त्याच दिवशी वर्गात बसतं. शाळेत कधीच न गेलेलं नऊ वर्षांचं मूल आलं, तर त्याला पहिलीत नाही, वयाप्रमाणे असलेल्या वर्गात घ्यायचं आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, हे कलम ४. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेता येत नाही.

प्रवेशाच्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं काम पाच मिनिटांचं असतं आणि तेच बहुतेक पालक सोडून देतात. जनरल रजिस्टरमध्ये ओळ लिहिली जाण्याआधी ती कच्च्या कागदावर लिहून घ्या आणि मोठ्याने वाचा. मुलाचं नाव जन्मदाखल्यावर आहे तसं, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मगाव तालुका-जिल्ह्यासह, धर्म, जात आणि पोटजात. घरात हाक मारायचं नाव, ‘बाळू’ किंवा ‘सोनी’, तिथे जाता कामा नये. जात-पोटजात वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे तशीच असावी, कारण पुढे जातीचा दाखला काढताना आणि जात पडताळणीत हीच ओळ पाहिली जाते. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवरचं नावही इथूनच चालत येतं.

चूक राहिलीच, तर मूल शाळेत शिकत असेपर्यंत ती दुरुस्त करता येते: पालकांचा अर्ज, पुराव्याच्या प्रती, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव आणि वरच्या शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी. मुलाने शाळा सोडली की हे फार कठीण होतं. म्हणून चौथी-पाचवीला शाळा बदलण्याच्या आदल्या दिवाळीत एकदा ती ओळ परत पाहून घ्यावी. प्रस्ताव जाऊन यायला वेळ लागतो आणि मे महिन्यात कुणी जागेवर नसतं.

आधार कार्डाबद्दल पालकांना फार घाबरवलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही आणि ते नाही म्हणून मुलाचा कुठलाही लाभ अडवता येणार नाही. मग मुख्याध्यापक मागे का लागतात? कारण आपल्याकडे संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हा हिशोब, आधार पडताळणी झालेल्या पटावर केला जातो. काठावरच्या शाळेत दोन मुलांचं आधार जुळलं नाही तर एक शिक्षक कमी होऊ शकतो. तेव्हा सरांशी भांडण्याआधी हे समजून घ्यावं आणि आधार काढून द्यावं. त्याच वेळी ते येईपर्यंत मुलाचं जेवण, पुस्तकं, गणवेश काही थांबणार नाही, हेही ठामपणे सांगावं. आधार जुळत नाही ते बहुधा नावाच्या स्पेलिंगमुळे, किंवा जन्मतारखेऐवजी फक्त वर्ष टाकलेलं असल्यामुळे. आधी आधार केंद्रावर जन्मदाखल्याप्रमाणे दुरुस्ती करा, मग शाळेत द्या. उलट क्रमाने, आधारवरची चुकीची तारीख रजिस्टरला लावून घेऊ नका.

आता समिती. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळतात. महाराष्ट्रात ही समिती बारा ते सोळा जणांची. अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सदस्य-सचिव, मुदत दोन वर्षांची. निवड पालकसभेत व्हायची असते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी गावातल्या दोघा-तिघांनी नावं ठरवलेली असतात आणि वही घरोघर सहीला फिरते. ते थांबवायचं असेल तर सभेची लेखी सूचना किमान आठवडाभर आधी मागा, ती फळ्यावर आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लावायला सांगा, आणि सभा मजुरीची वेळ सोडून, संध्याकाळी किंवा बाजाराच्या दिवशी घ्यायला लावा. दुपारी दोनच्या सभेला शेतात गेलेली आई येऊ शकत नाही. महिला सदस्यांची सही त्यांनी स्वतः, सभेत बसून करावी. नवऱ्याने येऊन सही केली तर ती सभाच कच्ची.

इतिवृत्त सभेतच लिहून घ्या. ‘चर्चा करून सर्वानुमते मंजूर’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याचा उपयोग नाही. किती रुपये, कशासाठी, कोणाच्या कोटेशनवर, सूचक-अनुमोदक कोण, हे हवं. शेवटच्या ओळीखाली लगेच सह्या, मध्ये कोरी जागा सोडायची नाही. राहिलीच तर तिरकी रेघ मारा. कोऱ्या जागेत नंतर एखादा ठराव उगवतो आणि सह्या आधीच झालेल्या असतात.

समितीकडे दोन मोठी कामं असतात. एक म्हणजे तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा, ज्यात खोल्या, शौचालय, पाणी, कुंपण यांची मागणी लिहायची. दुसरं शाळेला येणारं संयुक्त अनुदान. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषाप्रमाणे ते पटावर ठरतं: तीस मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. शौचालयाचं दार, नळाची तोटी, फिनेल, झाडू यासाठी पैसे नाहीत असं कुणी म्हटलं, तर हा आकडा समोर ठेवावा.

आणि आता जेवण, कारण रोज घडणारी आणि रोज बिघडू शकणारी गोष्ट हीच आहे.

शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना १५ ऑगस्ट १९९५ पासूनची. आधी बहुतेक राज्यांत मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. शिजवलेलंच अन्न द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी बजावलं. पुढे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलाचा हक्क झाला आणि २०२१ पासून योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असं झालं. गावात मात्र ‘पोषण आहार’ किंवा नुसती ‘खिचडी’. सुट्ट्या सोडून शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशी हे जेवण मिळालं पाहिजे. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं.

उष्मांक डोळ्यांना दिसत नाहीत, वजन दिसतं. पहिली ते पाचवीसाठी दर मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीसाठी हेच दीडपट: १५०, ३०, ७५ आणि साडेसात. समजा, आज लहान वर्गांत ८० आणि मोठ्या वर्गांत ४० मुलं हजर आहेत. तर तांदूळ ८ आणि ६ मिळून १४ किलो, डाळ २ किलो ८०० ग्रॅम, भाजी ७ किलो, तेल ७०० ग्रॅम एवढं पातेल्यात पडलं पाहिजे. हे चार आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले की स्वयंपाक करणाऱ्या मावशींनाही आधार मिळतो, कारण ‘जरा कमी टाका, साठा पुरवायचाय’ असं त्यांनाच सांगितलं जातं. सगळ्यात आधी काटछाट होते ती भाजी आणि तेलात. सात किलो भाजी म्हणजे चांगली भरलेली मोठी पिशवी. पातेल्यात चार टोमॅटो आणि दोन बटाटे तरंगत असतील तर मोजायची गरजही उरत नाही.

तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. तो आणि डाळी, कडधान्यं, तेल, तिखट-मीठ-मसाला ठेकेदार शाळेत पोचवतो. भाजी आणि इंधनाचे पैसे शाळेकडे किंवा स्वयंपाकी ताईंकडे जमा होतात. माल आला की तो शाळेच्या वेळेत, काट्यावर, समितीच्या एका पालकासमोर मोजून घ्यायचा. हा नियम पाळला तर निम्मे प्रश्न सुटतात. ठेकेदाराची गाडी संध्याकाळी पाचनंतर किंवा रविवारी येते आणि पावतीवर आधी सही मागते, तेव्हा समजावं की वजनात गोम आहे. तागाच्या रिकाम्या पोत्याचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरतं, म्हणजे पन्नास किलोचं पोतं काट्यावर साडेपन्नासच्या वर दिसायला हवं. वरच्या उदाहरणातल्या शाळेला चोवीस दिवसांचा तांदूळ ३३६ किलो लागतो, म्हणजे जवळपास सात पोती. प्रत्येक पोत्यात दोन किलो कमी आले तर चौदा किलो गेले, म्हणजे अख्ख्या शाळेचं एका दिवसाचं जेवण. जेवढं भरलं तेवढंच पावतीवर लिहा, ‘प्रत्यक्ष वजन इतके’ असा शेरा मारून सही करा. काटा नसेल तर तो संयुक्त अनुदानातून घ्यावा. शंभर किलोचा काटा ही चैनीची वस्तू नाही.

कमी आलेला माल पावतीवर पूर्ण लिहिला गेला की पुढे काय होतं, हे पालकांनी नीट समजून घ्यायला हवं. वहीत साठा जास्त आणि कोठीत कमी, ही तफावत कुठेतरी बुजवावी लागते. मग जेवलेल्या मुलांचा आकडा फुगतो: ९२ हजर असताना १०८ जेवले असं लिहिलं जातं. म्हणून फुगवलेला आकडा दिसला की लगेच सरांना चोर ठरवू नका. आधी माल उतरवतानाचं वजन तपासा. हा घोळ पकडायची सोपी जागा म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस, पोळ्याच्या आसपासचे दिवस, ऊसतोडीला टोळ्या गेल्यानंतरचा महिना. त्या दिवसांची हजेरी आणि जेवणाच्या लाभार्थ्यांची संख्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. हा आकडा मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी ऑनलाइनही भरायचा असतो, तेव्हा तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे निघाले तर प्रश्न विचारायला पुरेसा आधार आहे.

साठवणीत लहान लहान गोष्टी असतात. पोती फरशीवर नकोत, फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब. जुनं पोतं आधी काढायचं. पावसाळ्यात सोंडे आणि जाळी धरते, तेव्हा तांदूळ उन्हात घालून चाळून घ्यावा. ओलसर वास येणारा किंवा गोळे झालेला तांदूळ शिजवू नये, ठेकेदाराकडून बदलून घ्यावा आणि तसं लेखी द्यावं. तेल सीलबंद पाकिटातलंच. आणि त्या खोलीत कीटकनाशक, तणनाशक, फिनेल यांचा एकही डबा, रिकामासुद्धा, ठेवायचा नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं गेली, ती तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळल्यामुळे. आपल्या गावांत हेच औषध कपाशीसाठी घरोघर माहीत आहे. याबाबतीत कुणाचीही भीड ठेवू नये.

तांदळात काही दाणे वेगळे, जरा पिवळसर दिसतात, पाण्यात तरंगतात, आणि मग ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी बोंब उठते. ते पोषणमूल्य वाढवलेले दाणे असतात: लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घालून तयार केलेले, शंभर दाण्यांत साधारण एक या प्रमाणात मिसळलेले. ते निवडून फेकू नयेत, आणि तांदूळ चार-चार पाण्याने चोळून धुऊ नये.

पाककृतींबाबत राज्याने जून २०२४ मध्ये पंधरा पदार्थ ठरवून दिले. त्यांत मसालेभात, मटार पुलाव, मूगडाळ खिचडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मूग-शेवगा वरण-भात, तांदळाची खीर, नाचणीचं सत्त्व वगैरे होतं. अंडा पुलावही होता. जानेवारी २०२५ मध्ये अंडी आणि साखर यांसाठीचा सरकारी पैसा थांबवला आणि ते लोकसहभागातून द्यायला सांगितलं. हा निर्णय आम्हाला पटलेला नाही. आठवड्यातलं एक अंडं हे पुष्कळ मुलांचं एकमेव अंडं होतं. ज्या गावात जमेल तिथे वाढदिवस, यात्रा, पुण्यतिथी यांचा खर्च अंडी-केळ्यांकडे वळवता येतो. अंडं न खाणाऱ्या मुलाला त्याच वेळी केळं मिळेल हे मात्र पाहावं.

आठवड्याचा तक्ता लावताना एक व्यवहाराची गोष्ट: मोड आणायला कडधान्य आदल्या दिवशी सकाळी भिजवून संध्याकाळी फडक्यात बांधून ठेवावं लागतं. रविवारी शाळा बंद, म्हणून सोमवारी उसळ ठेवली की ती नेहमीच मोड न आलेल्या, कडक मटकीची होते आणि मुलं ती टाकून देतात. उसळ बुधवार-गुरुवारी ठेवा. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा लवकर होणारी खिचडीच बरी.

वाढण्याआधी शिक्षक आणि जमल्यास एका पालकाने अन्न चाखायचं, चव नोंदवहीत वेळ आणि अभिप्राय लिहायचा, साधारण अर्धा तास थांबायचं आणि मग पंगत. वाढलेल्या अन्नाचा नमुना झाकणाच्या स्वच्छ डब्यात चोवीस तास ठेवायचा. मुलांना त्रास झाला तर तपासायला तोच लागतो. चव नोंदवहीत महिनाभर एकाच पेनने, एकाच अक्षरात ‘चांगली’ लिहिलेलं दिसलं तर ती वही एका दिवसात भरली आहे. आम्ही पालकांच्या पाळ्या लावतो, रोज एक घर. पाळीवर आलेल्या आईने फक्त चव नाही, तर भाजीची पिशवी आणि पाण्याची टाकीही पाहावी.

स्वयंपाकी तथा मदतनीस किती, हेही ठरलेलं आहे: पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन, पुढे दर शंभरामागे एक वाढीव. त्यांना केंद्राच्या निकषाने दरमहा १,००० रुपये आणि तेही वर्षात दहा महिने. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून ते २,५०० केलं. चूल, धूर, चौदा किलो तांदूळ, सव्वाशे ताटल्या आणि अडीच हजार. त्यातही भाजी-इंधनाचे पैसे महिनोन् महिने उशिरा येतात आणि तोवर या बाया किराणा दुकानात स्वतःच्या नावावर उधारी करतात. जेवण पातळ झालं तर समितीने पहिला प्रश्न मावशींना नाही, थकलेल्या बिलाबद्दल वर विचारायला हवा. दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांना या कामात प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलेलं आहे. तिच्या हातचं आमचं मूल खाणार नाही, असं कुणी पालक म्हणालं तर समितीने तिथल्या तिथे आणि लेखी विरोध नोंदवावा. मुलांच्या पंगती वेगळ्या बसवणं तर सरळ कायद्याविरुद्ध आहे.

जेवणच मिळालं नाही तर काय, हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. ३० सप्टेंबर २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांप्रमाणे धान्य, पैसे, इंधन किंवा स्वयंपाकी नाही म्हणून कुठल्याही शालेय दिवशी जेवण झालं नाही, तर मुलाला अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा: त्या दिवसाचं धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाची रक्कम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. हा खर्चाचा दर १ मे २०२५ पासून पहिली ते पाचवीला रोज ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे आहे. सलग तीन शालेय दिवस, किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची. म्हणून चूल पेटली नाही त्या प्रत्येक दिवसाची तारीख आणि कारण समितीच्या वहीत लिहून ठेवा. नंतर ‘तीनचार दिवस बंद होतं’ असं म्हणून काही मिळत नाही. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्यायचं असतं. त्यासाठी एप्रिलच्या सभेतच ठराव करून किती मुलं येतील आणि कोण शिजवणार हे कळवावं.

गणवेशाचं थोडक्यात. दोन जोड, एकाला ३०० प्रमाणे ६०० रुपये. आधी हे सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांपुरतं होतं. २०२३-२४ पासून राज्याने उरलेल्या मुलांनाही दिलं, बूट-मोजेही दिले. २०२४-२५ मध्ये कापड राज्य पातळीवरून आलं आणि पुष्कळ मुलांना अर्धं वर्ष गेल्यावर, अंगाला न बसणारे कपडे मिळाले. आता खरेदी पुन्हा समितीकडे आहे, तर मापं समितीनेच जूनमध्ये घ्यावीत आणि शिलाईत शिवण दोन बोटं आत सोडायला सांगावी. फक्त एकच जोड देऊन दोनवर सही घेतली जात नाही ना, ते पाहा.

पैशाची मागणी झाली तर? परीक्षा फी, दाखल्याची फी, संगणक फी, सहलीची सक्ती, यांतलं काहीही प्राथमिक शाळेला घेता येत नाही. लोकवर्गणी चालते, पण ती ऐच्छिक आणि पावतीसकट. दिली नाही म्हणून मुलाचं नाव फळ्यावर लिहिणं हा मानसिक छळ आहे आणि कलम १७ ने त्यावर बंदी आहे. छडीवरही त्याच कलमाने. शिक्षकाने खासगी शिकवणी घेण्यावर कलम २८ ने.

तक्रार तोंडी करू नका. अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच: तारीख, सही, शिक्का. आधी मुख्याध्यापक आणि समिती, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. जेवणाची तक्रार असेल तर तिथल्याच पोषण आहार अधीक्षकांना प्रत. तिथे हललं नाही तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, प्राथमिक. अर्जात ‘कलम ३२ प्रमाणे तक्रार’ हे शब्द जरूर लिहावेत, कारण त्या कलमाने स्थानिक प्राधिकरणाला बाजू ऐकून तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो, आणि त्यावर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. एका अर्जात एकच विषय ठेवा. ‘शाळेचा कारभार बरोबर नाही’ या अर्जावर कुणालाच काही करता येत नाही. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाच दिवस जेवण झालं नाही, भत्ता मिळालेला नाही’ यावर उत्तर द्यावंच लागतं.

वह्या दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. ‘सर्व माहिती द्या’ लिहू नका. ‘अमुक महिन्याची धान्यसाठा नोंदवही, चव नोंदवही आणि पहिली ते पाचवीचं हजेरीपत्रक यांच्या प्रती’ असं लिहा. उत्तर तीस दिवसांत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्यांना तो परत करता येत नाही, पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा लागतो.

शेवटचं काम शाळा सोडताना, आणि ते सगळ्यात जास्त ऊसतोडीच्या घरांना लागतं. कलम ५ प्रमाणे दाखला मागताक्षणी द्यायचा असतो आणि तो मिळाला नाही म्हणून नवी शाळा मुलाला अडवू शकत नाही. पण चार-सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांनी दाखला काढूच नये. काढला की गावच्या शाळेचा पट उतरतो आणि परत आल्यावर सगळी धावपळ नव्याने. त्याऐवजी ऑक्टोबरमध्ये टोळी निघण्याआधी शिक्षण हमी कार्ड घ्यावं. त्यावर मुलाची इयत्ता आणि तो कुठवर शिकला ते लिहिलेलं असतं. कारखान्याच्या भागातली जवळची शाळा त्या कार्डावर मुलाला वर्गात बसवते, जेवणही देते. मूल गावीच आजीकडे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहासाठी नाव दिवाळीआधी समितीच्या ठरावात घालावं लागतं, कारण मागणी गेल्यावरच मंजुरी येते. परत आल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, दोन गोष्टी तपासाव्यात: गावच्या हजेरीपत्रकात मुलाचं नाव ‘सतत गैरहजर’ म्हणून कापलेलं नाही ना, आणि तिकडच्या शाळेने कार्डावर हजेरीचे दिवस सही-शिक्क्यानिशी भरून दिले आहेत ना. राहिले असतील तर तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करून ते निकालाच्या आधी मागवून घ्यावेत.